हिशेबाला पक्का, गणिताला कच्चा

पंढरपुरात शिकवणी लागलेला पहिला माणूस म्हणजे नामदेव. कथा घरोघरी ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारलं, काका, हे थापटणं कशाला हो? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं, ते यानं कळतं. मग ही बसलेली मडकीही तपासा की, असं मुक्ताबाई म्हणाली आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत मूल्यमापन सुरू केलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. निकाल तिथल्या तिथे जाहीर झाला: हे एक कच्चं.

आता नामदेव म्हणजे काही मागच्या बाकावरचा विद्यार्थी नव्हे. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्या हातचं जेवलेला. हेडमास्तरांशी इतका घरोबा असलेल्या मुलाने जे करावं तेच त्यांनी केलं, तक्रार घेऊन थेट देवाकडे गेले. देवाने फेरतपासणीचा अर्ज घेतला नाही. निकाल बरोबर आहे, विसोबा खेचरांकडे जा, म्हणाला. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, पिंडी नसेल तिथे तूच उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंडी! एका बैठकीत अभ्यासक्रम संपला आणि मडकं पक्कं झालं.

या कथेतून आमच्या गावाने तीन गोष्टी घेतल्या. पोरगं कच्चं आहे हे चारचौघांत सांगावं. शाळा कितीही चांगली असली तरी शेवटी बाहेर लावावंच लागतं. आणि बाहेरचा मास्तर एका बैठकीत गुण देतो. यातली तिसरी माझ्या जिवावर उठली आहे, कारण प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळात पहिली ते पाचवीच्या मुलांची शिकवणी मी घेते.

पहिल्या चाचणीचे पेपर घरी गेले की थापटणी माझ्या दारात येऊ लागतात. "बाई, ह्यो गणितात लई कच्चा हाय ओ." शेजारी उभा असलेला 'ह्यो' मान डोलावतो. त्याला वाईट वगैरे काही वाटत नाही. गावातल्या दुसऱ्या कोणाच्या गुणदोषाची बातमी ऐकावी तसा तो ऐकत असतो. वाचन? "वाचतो, पर थांबत थांबत." लेखन? "लिहितो की. त्याचं त्याला वाचाय येत न्हाई." मग शेवटचं वाक्य, जे प्रत्येक आई म्हणते: "डोकं हाय बरं का बाई त्याला, वापरत न्हाई एवढंच."

तुम्ही विचाराल, शाळेतले गुरुजीच शिकवणी का घेत नाहीत? तर देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे ही आमची श्रद्धा, आणि शाळेतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम, त्याचाही नंबर २८. हा आकडा पंढरपूरला मानवतो. त्यामुळे हा धंदा डी.एड. होऊन भरतीची वाट पाहणाऱ्यांच्या, निवृत्तांच्या आणि दुपारी झोप न येणाऱ्यांच्या हाती आला. मी तिसऱ्या गटातली.

पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकतं की मूल कच्चं नाही. वही कच्ची आहे.

बुक्केवाल्यांच्या थोरल्याचं बघा. चौथीत आहे. त्याच्या वहीत मी ५०० वजा ३६५ घातलं. त्याने शांतपणे उभी मांडणी केली, रेघ मारली आणि २६५ उत्तर लिहिलं. कसं आलं? पाचातून तीन गेले दोन. सहातून शून्य गेलं सहा. पाचातून शून्य गेलं पाच. वरचा आकडा कुठला नि खालचा कुठला या भेदाभेदात तो पडतच नाही. मोठ्यातून लहान काढायचं, बस्स. वारकरी संप्रदायाच्या गावात वाढलेल्या मुलाने वर-खाली मानू नये हे तत्त्वाला धरून आहे, पण वजाबाकीला धरून नाही.

मी म्हटलं, बरं, ते सोड. गिऱ्हाइकाने तीनशे पासष्टचा माल घेतला, पाचशेची नोट दिली. परत किती? तो माझ्याकडे बघतही नव्हता, दारातून जाणाऱ्या गाढवाकडे बघत होता. "एकशे पस्तीस." कसे? "पाच दिले, सत्तर झाले. तीस दिले, चारशे झाले. शंभर दिले, पाचशे झाले. त्यात काय!" मग वहीत दोनशे पासष्ट कसे लिहिलेस? तो म्हणाला, "बाई, ते गणित हाय."

दुकानात त्याने एकदा जरी दोनशे पासष्ट परत दिले असते, तर बुक्केवाल्यांनी त्याला गल्ल्यावरून उठवून टाळ कुटायला पाठवला असता. पण वहीतल्या तोट्याची झळ कोणालाच बसत नाही. वहीत पैसे कोणाचे जात नाहीत, फक्त मार्क जातात, आणि मार्क काही बाबांच्या गल्ल्यात नसतात.

मला वाटायचं, हा आमच्या गावचाच नमुना. तर नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ, लिंबं असलं काहीबाही विकणाऱ्या पाच मुलांना तीन संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. १९८५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गाडीवर मुलांची १०० पैकी ९८ उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसती आकड्यांनी घातली तर ३७. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या नोबेलवाल्या जोडप्याने सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर तेच करून बघितलं. तोंडी हिशेबात तरबेज मुलं शाळेच्या कागदावर अडखळली. गंमत पुढे आहे. शाळेत कागदावर बरी असलेली मुलं बाजाराच्या हिशेबात आपटली. म्हणजे कच्ची मडकी दोन्हीकडे आहेत, थापटणं कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न. मी हा निबंध बुक्केवाल्यांना सांगितला. ते म्हणाले, "नोबेल मिळालं व्हय त्यांना? मग आमच्या पोराचं तेवढं बघाय सांगा."

शाब्दिक उदाहरणांनी हा तिढा सुटेल असं पाठ्यपुस्तकवाल्यांना वाटतं. त्यांनी पंढरपूरच्या पोरी बघितलेल्या नाहीत. एका डब्यात ४८ पेढे आहेत, ते ६ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? पेढेवाल्यांची मधली म्हणाली, "फुकट वाटले?" हो. "का?" वाढदिवस असेल. "पण पेढे किलोवर देतात बाई, नगावर कोण मोजतंय?" मग नफा-तोटा घेतला. खरेदी किंमत १८०, विक्री किंमत २४०. मी सांगितलं, तुमच्या दुकानातलं एखादं खरं उदाहरण सांग. तिने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरेदी किंमत भाईर सांगायची नसती, पप्पा म्हणालेत." नफ्याचं सूत्र तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

आकड्यांची नावं हे आणखी एक प्रकरण. मुलगा 'त्रेसष्ट' ऐकतो. तोंडातून आधी तीन निघतो, कागदावर आधी सहा लिहायचा. बिचारा ३६ लिहून मोकळा होतो. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात यावर तोड निघाली, 'साठ तीन' म्हणा. जोडाक्षरं टळतात, बोलण्याचा नि लिहिण्याचा क्रम एक होतो, असं गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या. महाराष्ट्राने त्यावर विधिमंडळापर्यंत धुरळा उडवला. आमच्या गल्लीत तर सभाच भरली. "म्हणजे उद्यापास्नं भजी वीस पाच रुपये प्लेट म्हणायची का?" असा सवाल आला. त्या गदारोळात पहिलीतल्या एका चिमुरडीने मला विचारलं, "बाई, एकोणऐंशी आहे, एकोणनव्वद आहे, मग एकोणशंभर का नाही?" मी तिला सांगितलं की हे परीक्षेत येत नाही. शिकवणीच्या धंद्यात हे उत्तर फार उपयोगी आहे. त्यापुढे एकही प्रश्न टिकत नाही.

या वादात सगळ्यांत खूश होते ते माळवाल्यांचे आजोबा. ते नातवाला सोडायला येतात आणि घरी जात नाहीत. कोपऱ्यात बसून माझी परीक्षा घेतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी त्यांना तोंडपाठ, आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तर ते झोपेतसुद्धा म्हणतात असं आजी सांगतात. (तक्रारीच्या सुरात सांगतात.) "औट साते?" ते मलाच विचारतात. मी मोबाइलकडे बघेपर्यंत "साडेचोवीस!" म्हणून मिशीवरून हात फिरवतात. औटकी शाळेतून गेली त्याला जमाना झाला. साडेतीन आता महाराष्ट्रात उरलं ते मुहूर्तात आणि शक्तिपीठांत. नातू मात्र आजोबांना बारा तेरेपुढे गाठतो, कारण तो मोबाइल लपवून बघतो आणि मी उघड बघते.

वाचनाकडे वळू. पंढरपूरच्या मुलाचं वाचन तपासायला गेलेला माणूस हमखास फसतो. कासारांचा धाकटा दुसरीत. आई म्हणाली, वाचत नाही. मी घरातली हरिपाठाची पोथी पुढे ठेवली. पोराने बोट ठेवलं आणि जे सुरू झाला म्हणता! जोडाक्षरं, अनुस्वार, कुठे अडखळ नाही, वेळेवर पान उलटतो आहे. मी थक्क. मग लक्षात आलं, बोट एका ओळीवर आहे आणि तोंड तिसऱ्या. मी हळूच पोथी उलटी धरली. वाचन चालूच. मधलाच एक शब्द दाखवून विचारलं, हा काय? तो म्हणाला, "तिथनं न्हाई येत. पहिल्यापास्नं म्हणाय लागतंय." रोज संध्याकाळी आजीच्या मांडीवर ऐकून त्याचं ते मुखोद्गत झालेलं. त्याला सगळं येत होतं, वाचता तेवढं येत नव्हतं.

म्हणून मी त्याला बोळाबाहेर काढला आणि पाट्या दाखवल्या. 'येथे राहण्याची उत्तम सोय होईल.' झटक्यात वाचली. 'संडास बाथरूमसह प्रशस्त खोल्या.' ही तर न बघताच. पाठ्यपुस्तकात 'प्रसन्न'ला ठेचकाळणारा मुलगा 'प्रशस्त' गिळून टाकतो, कारण प्रशस्तवर त्याच्या घराचं पोट आहे. तेव्हापासून आमचा आठवड्यातला एक तास रस्त्यावर भरतो. पाट्यांनी वाचन होतं आणि फुकटात ऱ्हस्व-दीर्घही होतं, कारण शुद्ध पाटी शोधावी लागते आणि अशुद्ध पाटी आपण होऊन समोर येते. 'शुध्द शाकाहारी' दिसलं की पोरं आनंदाने ओरडतात. या मोहिमेत एक पाटी अशी निघाली की तिच्यावर 'कुंकु' होतं, दुसरा उकार ऱ्हस्व. ज्याने चूक पकडली त्याच्याच वडिलांची पाटी. तो धावत गल्ल्यावर गेला आणि म्हणाला, पप्पा, दीर्घ पाहिजे. वडिलांनी पुडी बांधता बांधता मान वर न करता सांगितलं, "चाळीस वर्षं घर ह्याच ऱ्हस्वावर चाललंय. बाईंना म्हणावं, दीर्घाचे पैसे त्या देणार का?"

लेखनात मात्र खरी करमणूक आहे. 'मी पाहिलेली पंढरीची वारी' हा निबंध राज्यातल्या प्रत्येक गाइडात असतो आणि पंढरपूरच्या मुलांनाही तोच पाठ करावा लागतो. त्यामुळे नामदेव पायरीपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेली मुलगी लिहिते: 'मे महिन्याच्या सुट्टीत मामांनी सांगितले की यंदा आपण पंढरपूरला जाऊ. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. एसटीतून उतरताच मला दुरून कळस दिसला.' मी विचारलं, तुझे मामा कुठे असतात? "इथंच, महाद्वारात." मग एसटी? "गाइडात हाय." आणि वारी मे महिन्यात? तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. वारी आषाढात येते हे तिला मी सांगायची गरज नव्हती. पण गाइडापुढे आषाढाचं काय चालणार?

मी गाइड काढून घेतलं आणि म्हटलं, जे बघितलंस ते लिही. बराच वेळ पेन्सिल चघळून तिने लिहिलं ते असं: 'वारीला आमच्या घरी चाळीस माणसं येतात. आम्ही गच्चीवर झोपतो. पाऊस आला की जिन्यात झोपतो. बाथरूमला नंबर असतो. माझा नंबर नेहमी मागचा कारण मी घरची आहे. एक आजी दरवर्षी येते, ती मला फुटाणे देते आणि माझी उंची दारावर मोजते. आजोबा खूश असतात. पप्पा पैसे मोजतात. आई वारी झाल्यावर दोन दिवस झोपते.' एवढंच. पारावार नाही, कळस नाही, चंद्रभागेचं वाळवंट भक्तांनी फुललेलं नाही. मी दहापैकी दहा दिले. आईने वही बघितली आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाली, "बाई, हे पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. "मग एसटीच असू द्या."

पत्रलेखनाचंही तेच. 'तुमच्या मित्राला आषाढी एकादशीला पंढरपूरला येण्याचे निमंत्रण द्या' हा प्रश्न आला. टांगेवाल्यांच्या नातवाने लिहिलं: 'प्रिय मित्रा, आषाढीला येऊ नको. जागा नाही. नंतर ये.' पाणी कधी येतं तेही खाली लिहिलं होतं. निमंत्रणाच्या प्रश्नाला शून्य मार्क. पण मित्राचं हित त्यात होतं.

मग ती आषाढी खरोखर येते. शाळांच्या खोल्यांत वारकरी उतरतात, शाळेला सुट्टी. माझ्या शिकवणीच्या खोलीत दरवर्षीची बीडकडची मंडळी उतरतात, शिकवणीलाही सुट्टी. फळ्यावर अर्धवट राहिलेल्या भागाकारावर कोणीतरी 'राम कृष्ण हरी' लिहून ठेवतं, आणि बाकी शून्य येते. मुलं सगळी दुकानांत. खरं सांगायचं तर वर्षाचं गणित त्याच दिवसांत होतं. बुक्केवाल्यांचा थोरला तीन गिऱ्हाइकांचे हिशेब एका वेळी सांभाळतो. पेढेवाल्यांची मधली पावशेराला किती, अर्ध्याला किती, हे काट्याकडे न बघता सांगते. माउलींच्या पालखीतल्या दिंड्या बघून तर चौथीच्या मुलाला मी न शिकवता ऋण संख्या कळल्या. या दिंड्यांचे क्रमांक 'रथापुढे पाच' आणि 'रथामागे पाच' असे दोन्हीकडे असतात. तो म्हणाला, "बाई, दोन पाच हायत. पर एक पुढचा, एक मागचा. मधी रथ." संख्यारेषेवरचा शून्य कुठे असतो, हे शाळेत सहावीच्या मुलांना महिनाभर समजावत असतात. याला तो फुलांनी सजवलेला, बैल जोडलेला दिसला होता.

२०२० साल तेवढं वेगळं. त्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने आल्या आणि शाळा मोबाइलवर आली. गल्ले बंद, गिऱ्हाईक नाही. त्या वर्षी मुलं वहीत जेवढी कच्ची होती तेवढीच तोंडी हिशेबातही झाली. परत किती, म्हणून विचारलं तर बुक्केवाल्यांचा थोरला, तेव्हा बालवाडीतला, म्हणाला, "गिऱ्हाईकच न्हाई तर परत कुणाला द्यायचं?"

हे सगळं मी आयांना सांगते. पोरगं कच्चं नाही, फक्त दुकानातलं डोकं वहीपर्यंत आणायचं आहे, त्याला वेळ लागतो. त्या ऐकून घेतात आणि विचारतात, "स्कॉलरशिपला बसवायचं का?" ही परीक्षा चौथीवरून पाचवीला नेली होती, २०२५ मध्ये ती पुन्हा चौथीला आणायचं ठरलं. सरकारलाही एका बैठकीत पक्कं होता आलेलं नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

राहता राहिली फी. पंढरपुरात फीला महिना नसतो, वारी असते. चैत्रीला म्हणतात आषाढीला देतो, आषाढीला म्हणतात गर्दीत जमलं नाही, कार्तिकीला नक्की. माघीपर्यंत मी पेढे, चुरमुरे आणि अष्टगंधावर दिवस काढते. पण यंदा आषाढी उलटल्यावर बुक्केवाल्यांनी थोरल्याच्या हाती फी पाठवली. ठरलेली ४५०. पोराने नोटा पुढे केल्या आणि म्हणाला, "बाई, तीनशे पंधराच हायत."

का रे?

"वारीत नऊ दिवस शिकवणी बंद हुती. चारशे पन्नासला तीस दिवस, म्हंजे दिवसाला पंधरा. नऊ पंधरे एकशे पस्तीस. ते कापले."

एका दमात, एकही आकडा न चुकता, न थांबता. त्रैराशिकाचा धडा आमचा अजून व्हायचा होता. मी जागची हलले नाही. गळ्यात आवंढा आला, तो फीमुळे की अभिमानामुळे ते मला सांगता येणार नाही. शेवटी गुरूचा धर्म आठवून म्हटलं, शाब्बास, पण असं तोंडी चालत नाही, वहीत करून दाखव. त्याने उभी मांडणी केली. ४५० खाली १३५. रेघ मारली. पाचातून शून्य गेलं पाच. पाचातून तीन गेले दोन. चारातून एक गेला तीन. उत्तर ३२५.

वहीप्रमाणे माझे दहा रुपये जास्त निघत होते. त्याने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा हातातल्या नोटांकडे, आणि पहिल्यांदाच, मी काही न बोलता, रबर उचललं.